एकाचं पेर

हेब्बाळ,
३ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास,
स्मृतीचा शि. सा. न. वि. वि.

घशाच्या डॉक्टरांनी तुला महिनाभर मौन सांगितलं, म्हणून फोनऐवजी पत्र. वहिनी म्हणते, येलहंका इतकं शांत तिने कधी ऐकलं नव्हतं.

मी मात्र थकले. तलावांचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत या वयात उमेदवारी करतेय. येत्या सोमवारी एक नमुना एकटीने तपासायचा. त्यावरून मला कायम करायचं की नाही ते ठरेल. आज बशीत जंतूंचे ठिपके मोजले तीनशे, म्हणजे ३ × १०². पाणी दोन हजार पट पातळ केलेलं, म्हणजे २ × १०³. मूळ पाण्यातला आकडा काढायला मी तीन दुणे सहा केलं आणि वरच्या दोन-तिनांचाही गुणाकार केला: ६ × १०⁶. सुप्रीता मॅडम, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, म्हणाल्या, अक्का, स्वल्प, जरा बघून. इतके जंतू असते तर तलाव स्वतःच चालत तक्रार द्यायला आला असता.

संध्याकाळी डोकं उरतच नाही रे. घरचे म्हणतात, सोड. पण सोडली तर कुणी ‘काय करतेस’ विचारल्यावर मी पुन्हा ‘काही नाही’ म्हणणार. ते आता जमायचं नाही.

तुझी,
स्मृती

येलहंका,
५ फेब्रुवारी २०२५

चि. स्मृतीस,
अ. उ. आ.

राजीनामा लिहायचाच असेल तर शुद्धलेखन मी तपासून देईन, पण सोमवारनंतर.

अगं, वरच्यांचा गुणाकार नव्हे, बेरीज. दहाने किती वेळा गुणलं त्याची ती नुसती मोजदाद. आधी दोन वेळा, मग तीन वेळा. त्यात गुणायचं काय? डोकं चालेना तर पेरांवर मोज, पाठशाळेत आम्ही मोजत असू तसं: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी. शत तिसरं पेर, सहस्र चौथं. तीन नि चार सात. सातव्या पेरावरचं नाव, त्यामागे तुझे सहा. इतकी वर्षं शिकवतोय, एकाही विद्यार्थ्याने तक्रार केली नाही. (बहुतेक झोपलेले असत.)

तुझ्यावर विश्वास असणारा, तूर्त निःशब्द,
श्रीवत्स

हेब्बाळ,
११ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुझ्या पेरांवर जुनं गणित पुन्हा केलं. सातवं पेर प्रयुत, म्हणजे एकावर सहा शून्यं. पुन्हा तेच ६ × १०⁶, ज्याला मॅडम हसल्या होत्या! आणि तुझ्याच बेरजेने घात येतो पाच. एका पत्रात दोन मतं, पंडितजी.

रडायचंही त्राण नव्हतं, म्हणून सोपं गणित घेतलं. दहा गुणिले दहा. दश दुसरं पेर, दश दुसरं पेर, चौथ्यावर सहस्र. दहा दाहे हजार! शिवाजीनगरच्या फुलवालीने मला दारात उभं केलं नसतं. मग उमगलं: एक हे पाऊल नाही, निघायची जागा आहे. ते पेर सोडायचं आणि दशपासून मोजायचं. उत्तर सहा लाख.

काल नमुन्यात ४ × १०² आणि ५ × १०³ आले. चार पंचे वीस, वर पाच. पण पुढे एकच अंक ठेवायचा असतो. विसाचे दोन केले, उरलेला दहा वर चढवला: २ × १०⁶. मॅडमनी आकडे स्वतः पुन्हा करून पाहिले. मग नुसतं ‘सरी’, बरोबर, म्हणाल्या आणि आजचे नमुने माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. कायम झाल्याचं संध्याकाळी ऑफिसातून कळलं. आनंद झाला असणार. मी बसमध्ये झोपले आणि थांबा चुकला.

तुझी,
स्मृती

येलहंका,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. स्मृतीस,
अ. उ. आ. आणि अभिनंदन.

पत्र वाचून पेरं पुन्हा मोजली. तुझं बरोबर. तुझ्या वहिनीला पाटीवर लिहून दाखवलं, तर ती म्हणाली, थोरल्या भावांचं असंच असतं, मोजायला बसले की पहिलं पेर स्वतःचं. मी पाटी पुसून ठेवली.

आता झोप. लोभ आहे तेवढा पुरे. वाढवायचं बघू, तुला रजा मिळाली की.

तुझा,
अण्णा