हळद लागलेला नमुना

शके १८५८, कार्तिक व. ५
पहिली वेचणी. मर रोगाने सगळं शेत वाळलं त्या साली जी चार झाडं हिरवी राहिली, त्यांचंच हे बी. दर साल निवडत आलो. औंदा नदीकडचा तुकडा भरून पांढरा झाला. रिवाजाप्रमाणे हिने पहिल्या बोंडांना हळद वाहिली, दह्याचं बोट लावलं. मी हात जोडले.
थोरले बंधू नाना बांधावर उभे. "झाड जगनं, तात्या. पन धागा कसा शे? सरकारना कागद दखाड. नही तं आखाजीनंतर या तुकडामा भुईमूग."

मार्ग. शु. २
कापसाच्या सरकारी फार्मवर अर्ज धाडला. तंतूची लांबी आणि ताकद मोजायचं यंत्र तिथे एकच. गिरणीवाले, कॉलेजवाले, आम्ही, सगळे त्याच्याच दारात. सोबत कापसाची पुडी. बांधताना पूजेतल्या, हळद लागलेल्या कापसाची चिमूट वर ठेवली. परगावी निघालेल्याला अंगारा लावतो तशी.

पौष व. ३
उत्तर नाही म्हणून स्वतः गेलो. वाटेत प्रकाशा तीर्थाला स्नान, दर्शन. नावेने तापी ओलांडली, नंदुरबारहून आगगाडी. कारकून म्हणाले, "यंत्राला वेळ नाही, पाटील. तुम्हाला आहे. बसा." बसलो. दुपारी एका गिरणीची मोटार आली. ना अर्ज, ना नंबर. त्यांची पुडी आत गेली आणि चहा बाहेर आला.
मला माघातली वेळ मिळाली. निकाल टपालाने.

माघ व. ६
कागद आला. 'नमुना दूषित. तंतू चिकटलेले, पिवळे डाग. मोजमाप केले नाही.'
पिवळे डाग!
ही भाकरी थापत होती. वाचून दाखवलं. म्हणाली, "देवनं बोट लागनं तं कापूस बाटना का?" तिच्यावर ओरडलो, ताटावरून उठलो. पुडी तर मीच बांधली होती.

फाल्गुन शु. ४
नंतरच्या वेचणीतला, हळद न लागलेला कापूस घेऊन पुन्हा गेलो. कारकुनांनी लांबूनच ओळखलं. "या पाटील! कापूस पाठवला होता की नैवेद्य?" आतले दोघे हसले. मीही हसलो. ते हसू अजून तोंडात कडू आहे.
म्हटलं, "वरची चिमूट काढून बाकीचा मोजता आला असता."
"यंत्र निवडत बसत नाही. आता वेळ पेरण्या उरकल्यावर. पुन्हा अर्ज करा."
टेबलावर गिरणीवाल्यांच्या पुड्या. एकीला वंगणाचा काळा डाग. तो दूषित नसावा.
येताना प्रकाशाला देवळाकडे वळलो नाही. नावाडी म्हणाला, "काय बापू, आज दर्शन नही?" उशीर झाला म्हणालो. खोटं.

शके १८५९, चैत्र व. १०
नानांनी भुईमुगाचं बी आणून ओसरीवर ठेवलं. माझी सरकी मडक्यात, देवघराच्या कोपऱ्यात. एक पावसाळा राहिली तर उगवेल. दुसरा गेला तर भरवसा नाही. पुन्हा तशी चार झाडं कुठून आणू...

वैशाख शु. ३
आखाजी. पितरांची घागर पुजली. दुपारी अर्ज लिहायला बसलो. 'नमुना स्वच्छ आहे' एवढं लिहिलं आणि थांबलो. हिने सकाळी घागरीबरोबर सरकीच्या मडक्यालाही हळदीची बोटं ओढलेली. मला विचारलं नव्हतं.
नाना दारात आले. "तात्या, सांग. बैल जुंपू का?"
"सकायले सांगसू."
ते अर्जाकडे बघून गेले. मडक्यावरची हळद पुसायला हात गेला. तसाच मागे घेतला.
अर्ज निम्माच आहे.