पित्ताशय, खांदा आणि तिसरी जागा

तीर्थरूप वन्संना,

नमस्कार. (छातीपर्यंतच. त्याहून वर सध्या हात जात नाहीत, तेव्हा उरलेला मनात समजून घ्यावा.) तुमची सर्दी गेली असेल आणि जावईबापूंचं घोरणं गेलं नसेल, असं धरून चालते.

तुमच्या भावाने तुम्हाला फोनवर काय सांगितलं ते ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. माझ्या दोन्ही काखांत गाठोडी होती. थोरल्याच्या वेळी आली. तो आता मिशा कोरतो, तरी गेली नाहीत. दर महिन्याला ठणकायची. हात अंगाला लावून ठेवले की दुखत, दूर धरले की लोक विचारत, भांडायला निघालात का. शेवटी डॉक्टरीणबाईंनी चाचपून सांगितलं, ही चरबी नव्हे, स्तनाचाच भाग आहे. जन्माआधी जिरून जायचा, तो तिथेच राहिला. धोक्याचं काही नाही, त्रास होत असेल तर काढून टाकू. मला वाटलं, इतकी सरळ गोष्ट. पण तो शब्द घरी न्यायचा कोणी?

तुमच्या घराण्यात माणसाला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत फक्त पोट असतं. तुमच्या भावाने आईंना सांगितलं, पित्ताशयाचं ऑपरेशन. माझ्या ग्रंथालयात सांगितलं, खांद्याचं. दोन्ही वेळा त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मलाच पोट दाबून बघावंसं वाटलं. काखेचं सांगितलं की लोक पुढे विचारतात, हे त्यांचं कारण.

तेव्हा घरी आल्यावर मला तेल-तूप बंद आणि हात मोकळे. पित्ताशयाचा हातांशी संबंध नसतो, हे आईंचं म्हणणं चूक म्हणता येत नव्हतं. वरच्या फळीवरचे डबे, दोरीवरच्या चादरी, माळ्यावरची बॅग, सगळं माझ्याकडे. तेवढीच हालचाल होईल म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तर हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत म्हणून बजावलेलं, नाहीतर टाके तुटतील. मी स्टुलावर चढून डबे काढायला लागले. (माणूसच उंच झाला की हात वर करावे लागत नाहीत. शोध माझा आहे.) रात्री तुमच्या भावाला म्हटलं, आता खरं सांगा. उद्या बघू, म्हणाले. ते अजून बघतायत.

रविवारी आमच्या मुख्य ग्रंथपालबाई भेटायला आल्या. त्यांचा स्वतःचा खांदा एकदा आखडला आणि व्यायामाने सुटला, तेव्हापासून त्यांना दिसेल तो खांदा सोडवायचा असतो. मला भिंतीसमोर उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला लावली. आईंनी खुर्चीतून विचारलं, पित्ताशयाला हा कसला व्यायाम? बाईंनी विचारलं, कुठलं पित्ताशय? तुमच्या भावाला तेवढ्यात दाराबाहेरच्या चपला नीट लावायची आठवण झाली. मी दोघींचा मान राखत चढत राहिले. बोटं कानापर्यंत पोचली आणि आत काहीतरी उसवलं. गाऊनवर काखेखाली लाल डाग पसरला. बाईंना घरी काम निघालं.

आईंनी मला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं. मी दमले होते, वन्सं; खोटं सांभाळायलाही अंगात ताकद लागते. तो शब्द मी स्पष्ट उच्चारला. छत जागेवर राहिलं. आईंनी काखेत फडकं दाबून धरलं. मग म्हणाल्या, "मला आहेत की. दोन्हीकडे. तुझ्या वन्संच्या वेळी तर दुधाने तटतटायची. तुझ्या सासऱ्यांना सांगितलं, गळू आहे."

"दुखतात?"

"दुखणार नाहीत तर काय, गातील?"

म्हणजे त्या गळवाचं वय तुमच्याइतकं आहे. मला पुन्हा टाका घातला. डबे आईंनी स्वतः खालच्या फळीवर आणलेत.

थोरांस नमस्कार, धाकट्यांस माझ्यातर्फे दुसऱ्या कुणीतरी कुरवाळावं.

तुमची दमलेली,
भावजय

ता. क. आईही डॉक्टरीणबाईंना दाखवून आल्या. पुढच्या आठवड्यात काढायचं ठरलंय. मग या घरात बायका दोन आणि खांद्याच्या वर जाणारा हात एकही नाही. तुम्ही राहायला यावं, यासाठी हे सगळं लिहिलं. आलात की डॉक्टरीणबाईंना तुम्हीही एकदा दाखवून घ्या, असं आई म्हणतात. कशाला, ते म्हणाल्या नाहीत.

ता. क. दुसरा. तुमच्या भावाला आईंनी गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. त्यांना ते पटलं. काठीसुद्धा घेऊन आले. खरं कळलं तर तो पुढे विचारत बसेल, असं आईंचं म्हणणं, आणि मला ते बरोबर वाटलं. तेव्हा फोनवर तुम्हीही गुडघाच म्हणा. डावा.