कार्डधारक आणि सोबत एक पाहुणा

५ जानेवारी, सकाळी
कंपनीची नवी डायरी मिळाली. कव्हरवर आमच्या कारखान्याच्या ड्रायरचा फोटो आहे, पण कागद बरा आहे.
यंदा संकल्प एकच. मेघालीच्या बाळंतपणाला पुष्पलता आणि मी स्टुटगार्टला जायचं, बिझनेस क्लासने, माइल्सवर, म्हणजे विमानप्रवासात साठलेल्या पॉइंटांवर. पैसे भरून काय, कोणीही जातं.
मेघाली आमची एकुलती एक. तारीख मार्चअखेरची. माझं एअरलाइनचं गोल्ड कार्डही मार्चअखेरपर्यंत. याला योग म्हणतात.
गोल्ड मला कोणी ओवाळणीत घातलेलं नाही. दोन वर्षांत कंपनीने ड्रायर बसवायला मला ब्राझील, तुर्कस्तान आणि कोरियाला पाठवलं, आणि स्वस्त पडावं म्हणून दर खेपेला दोन-तीन ठिकाणी उतरवून पाठवलं. कंजूसपणा त्यांचा, माइल्स माझे. आता अलायन्समधल्या, म्हणजे आपसात करार केलेल्या, कुठल्याही देशाच्या एअरलाइनने गेलो तरी मी गोल्डच. आधी चढायचं, एक बॅग जादा न्यायची, लाउंजमध्ये बसायचं. लाउंजमध्ये सोबत एक पाहुणा चालतो.
पुष्पलता अजून विमानात बसलेली नाही. तो पाहुणा म्हणजे ती.

८ जानेवारी
माईला गोल्डचे फायदे समजावले. माई माझी आई, कान शाबूत, डोकं त्याहून शाबूत. तिने विचारलं, आधी चढलास तर इमान आधी सुटते का? नाही म्हणालो. मग आत बसून काय करतोस? म्हणाली.
काही गोष्टी आमच्या एडवण गावात बसून कळत नाहीत.

१३ जानेवारी
बॅगेला लावायचा गोल्डचा टॅग ड्रॉवरमध्ये नुसताच पडला होता. डब्याच्या पिशवीला लावला.
कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांच्या आधी चढलो. प्रायॉरिटी बोर्डिंगची सवय मोडू नये. ड्रायव्हर भावेश म्हणाला, साहेब, बस रिकामीच हाय. मुद्दा तो नाही.

१९ जानेवारी
चुलतभावाच्या मुलीच्या हळदीला गेलो होतो. जेवताना जादा बॅगेचा विषय सहज निघाला. म्हणजे मीच काढला. जर्मनीला जातोय, एक अख्खी बॅग फुकट आहे, कोणाला काही पाठवायचं असेल तर सांगा, असं म्हणालो. बोलण्याची पद्धत असते तशी.
पुष्पलताने पंगतीतून माझ्याकडे बघितलं. तिला कौतुक वाटलं असावं.

२३ जानेवारी
पुष्पलताच्या व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंट हवी होती, म्हणून दोघं सफाळ्याला बँकेत गेलो. काउंटरवरची प्रतीक्षा नावाची मुलगी म्हणाली, नवीन डेबिट कार्ड आलंय, त्यावर एअरपोर्टचं लाउंज मिळतं, दोघांचे फॉर्म भरू का? मला हसू आवरेना. तिला शांतपणे अलायन्स म्हणजे काय ते सांगितलं. मागे रांग वाढली तरी मुलीने ऐकून घेतलं.
पुष्पलताने मात्र सही केली. म्हणाली, फुकट देतायत तर असू दे. बायकांना फुकटचं सोडवत नाही.

२ फेब्रुवारी
माइल्सवरची सीट अशी सहजासहजी मिळत नाही, ती शोधावी लागते. नवशिक्याला सरळ मुंबई-जर्मनी दिसतं आणि तिथे सीट नसते. मी अभ्यासू आहे. मला एक उत्तम रूट सापडला आहे. मुंबईहून आधी सिंगापूर, मग टोकियो, तिथून उलटं फिरून युरोप. चार एअरपोर्ट, म्हणजे चार लाउंज.
पुष्पलता म्हणाली, जर्मनी त्या बाजूला हाय ना? तिला पृथ्वी गोल असल्याचं सांगितलं.
तरी दोन सीट एकत्र मिळत नाहीत. एक मिळते. थांबणार.

५ फेब्रुवारी
जावई धर्मेशचा फोन. त्याने व्हिसा ऑफिसची दोघांची अपॉइंटमेंट घेतली होती. मी माझी कॅन्सल करायला लावली. आधी सीट, मग व्हिसा, असा क्रम असतो. तो म्हणाला, बाबा, नुसतं रिझर्व्हेशन दाखवलं तरी चालतं. जे तिकीट आपण घेणारच नाही ते दाखवणं गोल्ड मेंबरला शोभत नाही, असं त्याला सांगितलं.
त्याने माईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला. पटलं असावं.
पुष्पलता एकटी जाऊन अंगठे देऊन आली.

९ फेब्रुवारी, रविवार
लाउंजची रंगीत तालीम घेतली. ओटीवर दोन खुर्च्या, टेबलावर फरसाण, केळी, उपमा आणि चहाचा थर्मास. माईला दाराशी बसवलं. रिसेप्शन.
पुष्पलताला तीन नियम शिकवले. कार्ड न बोलता पुढे करायचं. किती पैसे, असं विचारायचं नाही. पहिल्यांदा थोडंच घ्यायचं, मग पुन्हा उठायचं. ती म्हणाली, मी तर तुमची पाहुणी, कार्ड तुमीच दाखवणार ना? सराव असलेला बरा, म्हणालो.
माईने आम्हाला आत सोडण्याआधी अर्धा उपमा संपवला.

१६ फेब्रुवारी
वानोळा यायला सुरुवात झाली.
वरच्या आळीच्या मैनाबाई सुके बोंबील घेऊन आल्या. त्यांचा नातू जर्मनीला असतो. कुठे, ते त्यांना माहीत नाही, पण मेघाली शोधून देईल म्हणाल्या. मागोमाग शेजारच्या रुचिताकडून लोणच्याची बरणी, शाळेच्या मास्तरांकडून मसाला, चुलतभावाकडून पापड आणि हळदीतली उरलेली साडी. ज्यांचं जर्मनीत कोणीच नाही त्यांनी मेघालीसाठीच दिलं.
मी माईला म्हणालो, आता पुरे, पुढच्याला नाही सांग. माई म्हणाली, एका घरचं घेतलंस, आता दुसऱ्याला नाय कसं म्हणशील? गोल्ड तू झालास, आमी नाय.
बोंबिलांना घरात ठेवलं की घर बोंबिलाचं होतं. डोळे मिटून बिझनेस क्लासचा विचार केला. थोडा फरक पडला.

२४ फेब्रुवारी
पुष्पलताचा व्हिसा आला. तिनेच देवापुढे साखर ठेवली.
सीट नाही. काल पहाटे दोन दिसल्या होत्या. मी चष्मा आणेपर्यंत गेल्या.

२७ फेब्रुवारी
आज घरात वाद झाला. मी आवाज चढवला नाही, त्यामुळे वाद म्हणू नये.
धर्मेशने परस्पर पुष्पलताचं तिकीट काढलं. बारा मार्चचं, आखातातून जाणारं. माझंही काढतो म्हणाला, बाबा, व्हिसाची तातडीची एक तारीख शिल्लक आहे, उद्या जा. मी एअरलाइनचं नाव विचारलं. ती अलायन्समध्ये नाही!
अलायन्सबाहेर मी काय आहे? रांगेतला एक माणूस. जादा बॅग नाही, लाउंज नाही, माइलसुद्धा मिळणार नाही. मी स्पष्ट सांगितलं, पुष्पलताला पुढे जाऊ दे, मी आठवड्याभरात सीट मिळवून मागून येतो.
मेघालीने फोन घेतला. बाबा, कसेही या, पण या, म्हणाली. येणारच, म्हणालो. येणार म्हणजे येणार. पण नीट येणार.
माई म्हणाली, पोर काय तुझी सीट बघून येणार हाय का?

१० मार्च
बॅग भरली. पुष्पलताला अलायन्सबाहेर एकच मोठी बॅग. त्यात डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेप, माईने शिवलेल्या दुपट्यांची चळत. वानोळ्याला जागा उरली ती एका बरणीपुरती. रुचिताचं लोणचं गेलं.
बाकीचं सगळं मी मागून नेणार, असं आळीत जाहीर केलं. माझी बॅग मोकळीच आहे.

१२ मार्च
एअरपोर्टला गेलो. बेत असा होता की गोल्ड कार्ड दाखवून पुष्पलतासोबत आत जायचं, निदान काउंटरपर्यंत. एअरलाइन वेगळी असली तरी माणसं माणसांना ओळखतात.
गेटवरच्या जवानाने तिकीट मागितलं. मी न बोलता कार्ड पुढे केलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि म्हणाला, अंकल, ये तो कार्ड है. मग पुष्पलताचा पासपोर्ट बघून तिला आत सोडलं.
तिने काचेतून मागे वळून बघितलं. पदर खोचलेला, हातात फाइल. लग्नानंतर पहिल्यांदाच ती एवढ्या लांब माझ्याशिवाय निघाली होती, आणि वाट मला माहीत होती, तिला नाही. हात हलवला, पण तोवर ती गर्दीत गेली होती.
बाहेर टपरीवर चहा घेत होतो, तेवढ्यात तिचा फोन. म्हणाली, अहो, मी लाउंजमध्ये बसलेय. रांगेत वसईची एक बाई होती, ती म्हणाली बँकेचं कार्ड दाखवून बघा. दाखवलं. दोन रुपये कापले, चालतील ना?
चालतील, म्हणालो.
डोसा गरम हाय, चटणी पाणचट, म्हणाली. तुमी सांगितलंत तसं पहिल्यांदा थोडंच घेतलं.
म्हणजे माझी तालीम वाया गेली नाही.

१९ मार्च
पुष्पलताने फोटो पाठवले. मेघालीचा चेहरा भरलाय. मागे ओट्यावर लोणच्याची बरणी.
सीट नाही. टोकियोचा रूटही बंद झाला.
मैनाबाईंनी विचारलं, कधी निघताय? नातू बोंबिलाची वाट बघतोय. लवकरच, म्हणालो.

२४ मार्च, पहाटे
मिळाली! बिझनेस क्लास, खिडकी, एकच थांबा, परवाची! मी चष्मा लावूनच झोपलो होतो. माईला उठवलं. ती म्हणाली, जा मग.
सर्व माहिती भरली. शेवटी व्हिसाचा नंबर मागितला.

२४ मार्च, दुपारी
व्हिसा ऑफिसची पुढची तारीख मे महिन्यातली आहे. तिथल्या बाईंना गोल्डबद्दल सांगितलं. त्यांनी मे महिन्यातली तारीख पुन्हा सांगितली.

२८ मार्च
मुलगी झाली. दोघी सुखरूप.
पुष्पलताने व्हिडिओ कॉल लावला. बाळ दुपट्यात, माईने शिवलेल्या. मूठ तोंडाशी. कपाळ आमच्या घरचं. माईने फोनवरून बोट फिरवून दृष्ट काढली, आणि त्या नादात कॉल कट झाला.
पुन्हा लागला तेव्हा मेघाली दिसली. बाबा, तुम्ही असायला हवे होतात, म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं.
मागच्या वाडीत जाऊन केळीला पाणी घातलं. आधीच घातलेलं होतं. आज मला तिथे असायला हवं होतं, लाउंजशिवाय, मधल्या सीटवर, कसंही. फार वाईट वाटलं.

१ एप्रिल
एअरलाइनची ईमेल. प्रिय सदस्य, आपण आता सिल्व्हर आहात. आधी वाटलं, आजच्या तारखेची गंमत असेल.
सिल्व्हरमध्ये पाहुणा नाही. लाउंजही नाही. पण फोन लावला तर कस्टमर केअरवाले तो थोडा लवकर उचलतात, असं लिहिलंय. हे कमी नाही.
बसमध्ये सगळ्यांच्या शेवटी चढलो. भावेश म्हणाला, साहेब, तब्येत बरी हाय ना?

१३ एप्रिल
वानोळ्याचा प्रश्न. मी माईला म्हणालो, ज्याचं त्याला परत देऊन टाकू. माई भडकली. वानोळा परत करतात का? माणसं काय म्हणतील, आमचं तुला जड झालं? मग उपाय उरतो एकच.
सध्या रोज बोंबील. कधी कांद्यात, कधी बटाट्यात. मास्तरांच्या मसाल्यात बरे लागतात. चुलतभावाचे पापड सोबत. अख्खी आळी ताटात असते.
मैनाबाईंना मात्र खरं सांगायला गेलो. त्यांना आधीच माहीत होतं. आमच्या फोडणीचा वास वरच्या आळीपर्यंत जातो.

१८ मे
माइल्स संपायच्या आत वापरा, अशी ईमेल. तिकिटापेक्षा वस्तू घेण्यात शहाणपण आहे, असं माझं मत झालं आहे. ट्रॉली बॅग मागवली. उत्तम चाकं. माईने तिच्यात पावसाळ्यासाठी सुकी करंदी, ती बारीक कोळंबी, भरून ठेवली.

१० जून
पुष्पलता परवा परतली. येताना आखाताच्या एअरपोर्टवर रात्रभर थांबावं लागलं, तर विचारत विचारत नमाजाच्या खोलीशेजारचा आरामाचा कोपरा शोधून झोपली. तिने मला बाळाचे खूप व्हिडिओ दाखवले. बाळ माझा फोटो बघून हसतं म्हणाली. खरं असावं.
आज जेवताना सांगितलं, धर्मेशने डिसेंबरची दोघांची तिकिटं काढलीत. तीच एअरलाइन. मला मधली सीट, तिला खिडकी. माझी व्हिसाची तारीखही तिनेच घेतलीय, पुढच्या सोमवारची.
मी एअरलाइनबद्दल काही बोललो नाही. जाणार, म्हणालो. कुठलीही सीट चालेल.
नंतर ताटं उचलताना सहज विचारलं, तुझ्या त्या बँकेच्या कार्डावर लाउंजमध्ये सोबत पाहुणा चालतो का?
नाय, म्हणाली. एकालाच. पण तुमी बाहेर बाकावर बसा, मी तुमच्यासाठी डब्यातनं कायतरी आणते.
माझी डब्याची पिशवी घे, म्हणालो. तिला गोल्डचा टॅग आहे.