ओट्यापेक्षा नऊ इंच उंच झालेल्या जीपबाबत

प्रति,
मा. मोटार वाहन निरीक्षक साहेब,
परिवहन कार्यालय, जिल्हा जळगाव.

अर्जदार : पितांबर तोताराम बोरसे, वय ६३, निवृत्त एसटी चालक, रा. पिंपळवाडी, ता. अमळनेर.

विषय : अर्जदाराच्या मालकीची जुनी जीप त्याच्या मुलाने विनापरवाना उंच केली असून ती मूळ उंचीवर आणून मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २२/०९/२०२५ चा अर्ज.
२) आपले दि. १७/१०/२०२५ चे उत्तर.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने एकतीस वर्षे एसटी चालवली असली तरी तो आठवी पास आहे व कचेरीची भाषा त्यास येत नाही. म्हणून हा अर्ज त्याचे शेजारी, ग्रामपंचायतीचे निवृत्त लिपिक सुकदेव अभिमन साळुंखे हे लिहून देत आहेत. पुढे 'लिहिणार' असे जेथे येईल तेथे हाच इसम समजावा. पहिला अर्ज अर्जदाराने स्वतः लिहिला होता. तो चार ओळींचा होता आणि त्यात राग सोडून काही नव्हते. म्हणून आता सविस्तर.

१. साखरेच्या आजारापायी अर्जदाराचा उजवा पाय चार वर्षांपूर्वी गुडघ्याखाली कापला गेला. पुढे एका शिबिरात त्यास कृत्रिम पाय फुकट मिळाला. त्याचे पाऊल रबरी होते, अंगाच्या रंगाचे, पाचही बोटे असलेले, अंगठ्याला नखसुद्धा होते. अंगठ्याच्या खालच्या बाजूस शिबिरवाल्यांनी पक्क्या शाईने ४१२ हा नंबर टाकलेला होता. गेल्या मार्चमध्ये कापलेल्या जागी जखम झाली, तेव्हा काही महिने हा पाय लावू नका असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून तो घरात खुंटीला टांगलेला असे. त्यातच डाव्या, म्हणजे उरलेल्या एकुलत्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. तिच्या ड्रेसिंगसाठी दर गुरुवारी धुळ्याला जावे लागे. एकही गुरुवार चुकवू नका, नाहीतर हाही पाय जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. साहेब, या अर्जात पुढे जे काही लिहिले आहे ते या एका पायापायी लिहिले आहे.

२. जीप १९८९ सालची असून अर्जदाराने ती सरकारी लिलावात घेतलेली आहे. उजवा पाय गेल्यावर त्याने गवंडी बोलावला, दोरी धरली आणि घरापुढचा ओटा जीपच्या तळाच्या बरोबरीने बांधून घेतला. जीप ओट्याला भिडवली की अर्जदार बसल्या बसल्या सरकत आत जाई. कोणाचा हात धरायला नको की खांदा मागायला नको. मुलगा ललित एरवी एसटीने कॉलेजला जातो, पण गुरुवारी जीप नेई आणि वडिलांना दवाखान्याच्या दारात खुर्चीवर उतरवून देई. आठवड्यातून एक दिवस अर्जदार आपल्या मनाने घराबाहेर पडत असे, तो हाच.

३. ललित वय वर्षे १९, धुळ्यास यंत्र शाखेच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. पोरगा वाईट नाही. (हे लिहिणाराचे मत आहे. अर्जदाराने ते खोडायला सांगितले, पण अर्जात खाडाखोड बरी दिसत नाही.) त्याच्या वर्गात अनुज नावाचा एका व्यापाऱ्याचा मुलगा आहे. त्याच्याकडे नवी कोरी उंच गाडी आहे, आणि रविवारी ही मंडळी धुळ्याकडच्या डोंगरात गाड्या चढवायला जातात. तिथे सर्वांदेखत अनुजने अर्जदाराच्या जीपला 'पोट घासत चालणारी म्हैस' असे म्हटले. येत्या रविवारी, दि. २३ रोजी, त्यांची स्पर्धा आहे, आणि ठरावीक उंचीच्या खाली असलेली गाडी तीत घेत नाहीत. ललितच्या खिशात दमडी नाही. त्याने दोन महिने पास काढला नाही, केळीच्या ट्रकवर मागे बसून धुळे गाठले, आणि वाचलेल्या पैशांत भंगारातून ट्रकच्या कमानींचे, म्हणजे स्प्रिंगांचे, पाटे आणले. ते कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्वतः कापले. एका ठेकेदाराने टाकून दिलेले मोठे टायर चढवले. टायर मडगार्डला घासू लागले, तेव्हा बॉडी आणि चासी (खालचा लोखंडी सांगाडा) यांच्यामध्ये रबरी ठोकळे घालून बॉडी वर उचलणे भाग पडले. नवे ठोकळे महाग होते.

४. हे सगळे काम गणपतीच्या सुटीत अमळनेरच्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये झाले. घरी 'सर्व्हिसिंग' असे सांगण्यात आले होते. त्याच आठवड्यात खुंटीवरचा पाय नाहीसा झाला. अर्जदाराची पत्नी लताबाई यांनी कुत्र्याने नेला असेल म्हणून सारी गल्ली पालथी घातली. ललितनेही शोधले. तो बॅटरी घेऊन कणगीमागे, खाटेखाली, गोठ्यात अर्धा तास वाकून बघत होता, हे लिहिणाराने स्वतः पाहिले आहे.

५. गुरुवार, दि. ११/०९/२०२५ रोजी सकाळी ललितने जीप ओट्याला लावली. अर्जदार सवयीने सरकला आणि त्याचे कपाळ दाराच्या कडेवर आपटले. वितीने मोजले तेव्हा तळ ओट्यापेक्षा नऊ इंच वर भरला. आता कसे चढायचे, असे विचारता मुलाने हसत उत्तर दिले, ते जसेच्या तसे : "मंग ओटा उंच करी ल्या!" लताबाईंनी ओट्यावर पाट ठेवला, पाटावर तेलाचा रिकामा डबा उपडा घातला. अर्जदार डब्यावर बसला, डबा सरकला, आणि अर्जदार ओटा व जीप यांच्या मधल्या फटीत उताणा पडला. डाव्या अंगठ्याची जखम तेथेच उघडली. उचलायला माणसे येईपर्यंत तो जीपखाली पडून वर बघत होता. एकतीस वर्षांच्या ड्रायव्हरची नजर गाडीखाली गेल्यावर गप्प बसत नाही. त्यास तेथे दोन गोष्टी दिसल्या.

६. पहिली गोष्ट अशी की, मागल्या उजव्या कोपऱ्यात, बॉडी आणि चासीच्या मध्ये, बोल्टने आवळलेला एक अंगठा होता. नखासकट. खाली ४१२. पलीकडे एका ठोकळ्याला टाचेची गोलाई होती. अर्जदाराचे पाऊल काकडीसारखे आडवे चिरून त्याचे सहा तुकडे केले होते, आणि टाचेचा एक पातळ काप उरला होता तो गाडीच्या हत्यारांच्या पेटीत सापडला. जाब विचारल्यावर ललित म्हणाला : "आबा, तो पाय सहा महिना झायात, खुटीलेच टांगेल शे. कामले तरी उना!" (म्हणजे, निदान कामी तरी आला.) यावर लताबाई बोलल्या, "ऱ्हाऊ द्या ना आते. पोऱ्या शिकी ऱ्हायना." (म्हणजे, पोरगा शिकतो आहे.) अर्जदाराचे म्हणणे असे की, मुलाने पाय कापला याचे दुःख त्यास आहेच, पण तो पाय शोधण्यासाठी मुलगा खाटेखाली वाकला होता, ते त्यास जास्त लागले.

७. पुढच्या गुरुवारी ललित मित्रांना घेऊन आला. अनुज व आणखी तिघांनी अर्जदारास काखेत आणि मांडीत हात घालून केळीच्या घडासारखे उचलले आणि जीपमध्ये ठेवले. एकाने ओरडून वजन विचारले. दुसऱ्याने 'दांडा नीट धरा रे' म्हटले. अर्जदाराचे धोतर सुटले होते. हे सारे मोबाइलवर घेऊन, वर गाणे लावून, 'आबा लोडिंग' या नावाने सगळीकडे पाठवण्यात आले. मोबाइल ललितच्या हातात होता. हसणारा आवाज त्याचाच आहे, तो बापाला ओळखू येतो. दवाखान्यातल्या कंपाउंडरनेही तो व्हिडिओ पाहिलेला होता. त्या दिवसापासून अर्जदार जीपमध्ये बसला नाही. एसटीनेही गेला नाही, कारण ज्या गाड्यांवर त्यास 'उस्ताद' म्हणत त्याच गाड्यांत त्याला उचलून घ्यावे लागले असते. असे आठ गुरुवार गेले. हा हट्ट होता, हे अर्जदारास मान्य आहे.

८. दरम्यान आपले उत्तर मिळाले. वाहनात केलेल्या बदलास नोंदणीकृत मालक जबाबदार असतो, तरी मालकाने वाहन तपासणीसाठी कार्यालयात घेऊन यावे, असे आपण कळवले. नियम बरोबर आहे. फक्त एवढेच नमूद करावेसे वाटते की, अर्जदारास त्या वाहनात चढता आले असते तर त्याने अर्जच केला नसता.

९. बुधवार, दि. १९ रोजी घरात वास येऊ लागला म्हणून लताबाईंनी गाडी बोलावून अर्जदारास बळेच धुळ्याला नेले. अंगठा काळा पडला होता आणि काळेपणा घोट्यापर्यंत चढला होता. मंगळवारी, दि. २५ रोजी, डावा पायही गुडघ्याखाली कापायचा ठरले आहे. संध्याकाळी ललित आला. खाटेपाशी उभा राहिला, पांघरूण सारखे केले, पाणी हवे का विचारले. लताबाईंना वाटले, आता पोरगा रडेल. त्याने घसा खाकरला आणि विचारले : "आबा, आते तं दोन पाय भेटतीन ना?" साहेबांना उलगडा व्हावा म्हणून लिहिणे भाग आहे की, सहा तुकडे मागच्या बाजूलाच संपले, पुढच्या चार जागांना उरले नाहीत, त्यामुळे जीपचे तोंड खाली झुकलेले असते. मंगळवारपर्यंत घरी सोडा, एवढेच अर्जदाराने डॉक्टरांना सांगितले.

१०. तरी विनंती की,
(अ) सदर जीप मूळ उंचीवर आणण्याचा आदेश व्हावा. अर्जदारास तिचा आता उपयोग नाही, पण ओट्याला आहे.
(ब) सहा तुकडे पंचनामा करून, नंबर ४१२ सह, अर्जदारास परत मिळावेत.
(क) माणसाचा पाय, मग तो रबरी असो की खुंटीवर टांगलेला असो, वाहनाचा सुटा भाग नव्हे, असे आपल्या सहीशिक्क्याने लेखी मिळावे. मंगळवारनंतर मिळणाऱ्या पायांशेजारी अर्जदार ते भिंतीला लावणार आहे.
(ड) दंड मालकावर बसत असल्यास तो बसवावा. अर्जदाराची तक्रार नाही.

११. येथे अर्ज संपला होता. लिहिणाराने टोपण लावले तेव्हा अर्जदाराने जीपखाली दिसलेली दुसरी गोष्ट लिहायला सांगितली. गाडी कमानींवर उचलताना ब्रेकचा रबरी पाइप जुनाच ठेवलेला आहे. लांब पाइपाला पैसे पडतात. तो पाइप उभ्या गाडीतच तारेसारखा ताणलेला आहे आणि मधोमध त्यास चीर गेली आहे. मागचे चाक एकदा खोल खड्ड्यात लोंबले की तो तुटणार. या जुन्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच वाटेने फिरते, त्यामुळे एक पाइप तुटला की चारही ब्रेक गेले. उतारावर त्यानंतर ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. हे अर्जदारास दि. ११ सप्टेंबरपासून ठाऊक आहे.

ही बाब ललितला सांगितली आहे काय, असे लिहिणाराने विचारले. अर्जदार म्हणाला, "पाय कापाना पहिले त्यानी माले ईचारं व्हतं का?"

आज शुक्रवार आहे. ललित काल रात्रीच जीप घेऊन धुळ्याला गेला. स्पर्धा परवा आहे. आजच्या दुपारच्या एसटीने अर्ज आपल्याकडे हातोहात पोहोचवतो, असे लिहिणाराने सुचवले. अर्जदाराने नको म्हटले. आमच्या गावची पेटी शनिवारी उघडते आणि तिकडे टपाल मंगळवारी पोहोचते, हे दोघांनाही माहीत आहे. यावर लिहिणार काय बोलला, ते अर्जदाराने लिहू दिले नाही.

अर्ज वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे.

ओट्यावरून, आपला नम्र,
(सही) पितांबर तोताराम बोरसे
पिंपळवाडी, शुक्रवार, दि. २१/११/२०२५

सोबत :
१) नोंदणी पुस्तकाची छायाप्रत.
२) शिबिराचे कार्ड, क्र. ४१२.
३) टाचेचा उरलेला काप, मूळ. प्रत काढता येत नाही.
४) दि. २५ च्या शस्त्रक्रियेची चिठ्ठी.

पाठवण्याचा मार्ग : साधे टपाल, अर्जदाराच्या इच्छेवरून.