पाळकसाहेबांच्या झग्याची काजं

तीर्थस्वरूप आक्कास,
धाकट्याचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला, की अजून पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून आहे?

तुझं म्हणणं शंभर टक्के पटलं. बायको गेली, शिंप्याचं दुकान बंद पडलं, आता मशीन विकून तुझ्याकडे कायमचं यावं, हे ठरलंच म्हणून समज. फक्त मध्ये एक घोटाळा झाला, तो सांगतो.

ती गेल्यापासून मी दुकान उघडलंच नव्हतं. पाळकसाहेब येऊन धीर देत. शेवटच्या दिवशी गेलेले सगळे उठतील, तेव्हा भेट होईलच, म्हणत. मी म्हणालो (माझं तोंड तुला ठाऊकच आहे), शेवटच्या दिवसाचं मी मानतो, पण मंगळवारचं काय? मंगळवारी सकाळी मी कशासाठी उठू? बिचारे उठून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कापडाचा गठ्ठा घेऊन हजर! पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, नवा झगा हवा, म्हणे. (उत्तर सापडलं नाही की माणूस काम देतो.)

आता कापणं आणि शिवणं माझं, पण काजं लग्नापासून तिची. मी जन्मात एक काज केलेलं नाही. तेव्हा खिळ्यावरचा तिचा कोट काढून मांडीवर घेतला आणि तिचा टाका बघत बघत एकेक काज घातलं. कोटाला अजून तिच्या केसांच्या तेलाचा वास येतो गं. मी फार रडलो. काजं मात्र झकास उतरली, अगदी हुबेहूब. म्हणजे कोटाला होती त्याच बाजूला. बायकांच्या.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी घाईघाईत झगा चढवला. बटण शोधावं तिथे काज, काज शोधावं तिथे बटण! शेवटी तसेच उभे राहून "प्रभू उठला आहे!" म्हणून हात वर केले, तर झगा खांद्यावरून खाली. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई उठल्या, "अहो, हा तर बायकी झगा!" म्हणाल्या आणि शाळेत निघालेल्या पोराची लावावीत तशी त्यांची बटणं लावून दिली. सगळं देऊळ हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग मलाही हसू फुटलं. हसता हसता तिला सांगायला शेजारी वळलो. बाकावर कुणी नव्हतं. आक्का, ती नाही, हे रोज नव्याने कळतं.

काजं बदलायला मंगळवारी दुकान उघडलं. दार उघडं दिसताच समोरचा न्हावी उसवलेली पँट घेऊन आला. पाळकसाहेब मात्र झगा द्यायला तयार नाहीत, असाच राहू दे म्हणतात.

असो. मशीनला गिऱ्हाईक बघतोच. दाजींना सलाम.

तुझा,
धाकटा

ता. क. मशीन एवढ्यात विकता येणार नाही. न्हाव्याची पँट अर्धीच शिवून झालीय, आणि त्याच्या भावाचाही सदरा आलाय.

आणखी एक. तिची आठवण म्हणून तू तिचं अंगुस्तान नेलंस ना, सुई टोचू नये म्हणून ती बोटात घालायची ते, तेवढं परत पाठव. माझ्या मधल्या बोटात जात नाही, मला माहीत आहे. करंगळीत जातं.