खाली ठेवलेला फिंजान

अब्बा, तुम्ही जिथे राबलात ते खफजी मी शेवटी पाहिलं. पाहण्यासारखं फार काही नाही. रुंद रस्ते, मातकट घरं, एका अंगाला समुद्र. तोही आपल्याकडच्यासारखा गाजत नाही, नुसता पडून असतो. तुमचा नातू रास अल खैरला इंजिनीयर आहे, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात. त्याने व्हिसा काढून मला बोलावलं. त्याच्याबरोबर काम करणारा एक सौदी पोरगा खफजीचा. त्याच्या आईने आम्हाला जेवायला बोलावलं, तेव्हा गाडीत बसतानाच मी म्हटलं, "तिथल्या कबरस्तानातही जाऊन येऊ." तर म्हणतो, "मम्मी, इथे कबरींवर नावं नसतात. बायकांना आत सोडत नाहीत. आणि लोकांच्या घरी हा विषय काढू नकोस, प्लीज." तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. मयत घरी आलीच नाही, तिथेच माती दिली एवढा निरोप आला. आई अजून आहे. मी निघताना तिने एकच काम सांगितलं होतं, "त्यांना कुठे ठेवलंय ते बघून ये." दुसरं काही तिला नको होतं, खजूरसुद्धा नको म्हणाली.

रीतभात मला तुम्हीच शिकवलीत. सुट्टीवर आलात की स्वयंपाकघरात बसून वेलची कुटायचात, बिनदुधाची ती कडू कॉफी उकळायचात आणि कान नसलेल्या इवल्याशा कपांतून आम्हा भावंडांना पाजायचात. फिंजान म्हणायचं त्याला, कप नाही. उजव्या हातात धर. पुरे झालं की असा हलव, नाहीतर ओतणारा ओततच राहील. मी नाक मुरडायचे, तुम्ही हसायचात. पण त्याच सुट्टीत मावशीकडे मी सगळ्यांच्या आधी चहाचा घोट घेतला, तर काय झापलंत मला! "घरच्या मोठ्या माणसाने उचलल्याशिवाय कप तोंडाला लावायचा नाही. कळलं?" चारचौघांत. इतकी लाज वाटली होती की परक्या घरात पहिला घोट अजून माझ्याने घेववत नाही, आणि आता मी निवृत्त मास्तरीण आहे.

तर त्या घरात बायकांची बैठक वेगळी. मुलगा पुरुषांकडे गेला, मी इकडे एकटी. घरची म्हातारी काठी शेजारी ठेवून बसलेली, तिच्या सुनेला, म्हणजे त्या पोराच्या आईला, इंग्रजी येतं. मी जपून बसलेय. तळपाय कुणाकडे करायचे नाहीत. कशाची फार तारीफ करायची नाही, गालिचा छान म्हटला तर बांधून हातात देतील, असं मुलाने बजावलेलं. सून डाव्या हातातल्या सुरईतून कॉफी ओतते, उजव्या हाताने पहिला फिंजान मलाच देते. म्हातारीच्या हातात अजून काही नाही. मग मी कशी पिणार? मी फिंजान समोर ठेवते आणि वाट बघते.

म्हातारी फिंजानाकडे बघते, मग माझ्याकडे, आणि काहीतरी बोलते. सून म्हणते, "सासूबाई विचारतायत, तुमचं काय मागणं आहे?"

"मागणं? छे हो, काही नाही."

"मग न पिता खाली का ठेवलात? आमच्यात जुनी रीत आहे. मनात मागणं असलं की पाहुणा असं करतो, आणि घरच्यांनी कबूल केल्यावरच पितो."

या अल्ला! एवढं सगळं शिकवलंत, अब्बा, आणि नेमकं हेच राहिलं? हसून फिंजान उचलला असता तर विषय संपला असता. हात गेलाही होता. पण मागणं तर होतंच. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी बोलून गेले, "माझे वडील तुमच्या गावच्या मातीत आहेत. त्यांची जागा बघायला आलेय."

सुनेने सांगितलं. म्हातारीने बोट स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर टेकवलं. "म्हणजे कबूल," सून म्हणाली, "आता प्या." कॉफी गार झाली होती. तुमच्यापेक्षा वेलची जास्त होती.

जेवणानंतर घरचा म्हातारा स्वतः आमच्याबरोबर आला. त्या काळात बाहेरच्या माणसांना कुठल्या बाजूला पुरायचे ते त्याला आठवत होतं. तो आणि माझा मुलगा आत गेले. मी सुनेबरोबर भिंतीबाहेर गाडीत. थोड्या वेळाने मुलाचा फोन. "मम्मी, सगळे दगड सारखेच आहेत गं. आजोबा याच भागात असणार असं हे म्हातारेबाबा म्हणतात, पण कोणता ते नाही सांगता येत. कुणाला सलाम करू?"

"सगळ्यांना कर," मी म्हटलं. त्याने केला. घरात इंग्रजीत उत्तरं देणारं पोर, पण सलाम शेवटपर्यंत नीट म्हटला. मी फातिहा पढले. रडू नाही आलं. राग आला तुमचा, इतक्या लांब येऊन असे बिननावाचे पडून राहिलात म्हणून. मग एसी वाढवायला सांगितला.

परतताना वाटेतच आईला फोन केला.

"पाहिलीस?"

"पाहिली."

"जवळ बसलीस?"

"बसले गं."

"सावली आहे का तिथे?"

"आहे. मोठं झाड आहे."

"बरं झालं," ती म्हणाली, "मला इतकी वर्षं तीच काळजी होती."

म्हणून हा कागद कुणाला दाखवणार नाही, आईच्या हाती तर लागूच देणार नाही. मुलाला विचारलं होतं मी. तिथे एकही झाड नाही, अब्बा. आईने उद्या परत विचारलं तरी मी आहे असंच सांगणार.