जशी नेली तशी आणली

अण्णा, मागच्या महिन्यात राजूरला माझा सत्कार झाला. ज्या पंचक्रोशीत माझ्या जिभेपायी तुम्हाला पाहुण्यांसमोर खाली बघावं लागलं, तिनंच त्या जिभेला शाल आणि नारळ दिला. दोन वक्त्यांनी मला 'निर्भीड लेखिका' म्हटलं. तिसऱ्यानं माझं काहीच वाचलेलं नव्हतं, म्हणून तो सगळ्यांत जास्त वेळ बोलला. जेवताना पंक्तीत कुणीतरी म्हणालं की आपल्या वरच्या गावातले मामा अजून आहेत. मी आयोजकांकडून जीप मागून घेतली आणि वर गेले. आपण गाव सोडल्यापासून तिथे मी पाय ठेवला नव्हता. मामांना आता डोळ्यांनी दिसत नाही. मी ओसरीवर उभी राहून "मामा आहेत का?" एवढंच विचारलं, तर म्हणाले, "भटजींची लेक ना तू? आवाजाला आजून धार हाय." त्या दिवसापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. बोलणं घोडीबद्दलचं आहे.

घोडी घेतली तेव्हाच ती उतारवयाची होती. तरणी घोडी एकट्या भिक्षुकाला झेपत नव्हती, एकट्या शेतकऱ्यालाही नाही, म्हणून तुम्ही आणि मामांनी मिळून एक म्हातारी घेतली. मामा नात्यानं आपले कुणीच नव्हते, सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं. अर्धा आठवडा ती तुमची, गावोगावच्या सत्यनारायणांना आणि लग्नांना जायला. अर्धा आठवडा त्यांची, हिरडा आणि तांदूळ राजूरच्या बाजाराला न्यायला. तुम्ही तिला गंगामाई म्हणायचात, मामा गंगी म्हणायचे. ती दोन्ही नावांना सारखीच बेपर्वा होती. गुळाच्या खड्याला तेवढी मान वळवायची.

एका घरातून दुसऱ्या घरी ती सोपवली जायची ती ओढ्यावरच्या उंबराखाली. पहिल्या वर्षी तुमचा दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. देणारा म्हणायचा, "बघा, जशी नेली तशी आणली." आणि घेणारा खरोखर बघायचा. तुम्ही धोतराचा सोगा सावरत खाली बसून तिचे चारही खूर उचलून पाहायचात, खोगिराखालच्या पाठीवर तळहात फिरवायचात आणि म्हणायचात, "मामा, इथे सोललंय." मामाही कमी नव्हते. "भटजी, दोन दिस नुसत्या मंत्रांवर ठिवली का हिला? पोट बघा, कोनाड्यावानी आत गेलंय." मग दोघांत अबोला. त्या अबोल्यात घोडीची चंगळ असायची, कारण आपला दोष नाही हे ठरवायला दोन्ही घरं तिला चढाओढीनं हरभऱ्याची भरड चारायची.

पुढे तुमची मैत्री झाली आणि घोडीचे दिवस फिरले. मामांच्या खाचरातला नवा तांदूळ आधी आपल्या देवापुढे येऊ लागला. तुम्ही पंचांग बघून सांगितल्याशिवाय त्यांच्या घरी रोप लागेना. अशा माणसाच्या देखत घोडीचा खूर उचलून कसा बघायचा? "बघा, जशी नेली तशी आणली" हे वाक्य तसंच राहिलं, पण त्याला आता उत्तर यायचं, "काय बघायचंय, घरचीच आहे." मी पुढे आयुष्यभर समित्या, संस्था आणि संसार यांच्यावर खरडत आले. पण दोन सभ्य माणसं संशय नको म्हणून बघायचंच सोडून देतात तेव्हा मध्ये उभं असतं त्याचं काय होतं, ते मी त्या उंबराखाली आधीच पाहिलं होतं. तेव्हा कळलं नव्हतं, एवढंच.

मग ते बहात्तरचं साल आलं. खाली नगरच्या कर्जतकडे माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि जनावरं दावणीला मरत होती. आपल्या डोंगरातही पाऊस ओढला, पण गवत होतं. ते कापून, भारे बांधून सडकेपर्यंत नेलं की तिथून ट्रकनं खाली जायचं. मामांच्या दिवसांत घोडी भारे वाहू लागली. तुमच्या दिवसांत ती तुमच्यामागून डोंगर चढत-उतरत होती, आणि त्या वर्षी तुमच्या फेऱ्या पूजांसाठी कमी आणि माझ्या स्थळांसाठी जास्त होत्या. मी बावीस-तेवीस वर्षांची, संगमनेरला शिकून घरी बसलेली. एका मुलानं विचारलं, गाता येतं का. मी विचारलं, ऐकता येतं का. ते स्थळ गेलं. अशी आणखीही गेली.

एक सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, मी सुपात तांदूळ निवडते आहे, तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून बसला आहात. तुम्ही आईला सांगता, "उजवा गुडघा सुजलाय तिचा. आता काम नको तिला."

"मग सांगा की मामांना," आई म्हणते.

"ते गवत उपाशी जनावरांच्या तोंडी जातंय. मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि माझ्या दिवशी मी तिला बांधून ठेवली, तर त्यांना वाटेल भाऱ्यांवरून टोमणा मारतोय."

मी सुपातून मान वर न करता म्हणाले, "मग घोडीलाच सांगा. तिला मामांची भीड नाही."

आई हसली. तुम्ही हसला नाहीत. "हिच्या तोंडाला लगाम असता तर आज ही सासरी तांदूळ निवडत असती," असं म्हणालात आणि उठून गेलात. ते मला लागलं, पण त्याहून जास्त आवडलं. वाक्य चांगलं होतं. माझी जीभ कुणावर गेली हे मला त्या दिवशी समजलं.

तिच्यावर बसणं तर तुम्ही केव्हाच सोडलं होतं. पोथी आणि पूजेची भांडी स्वतःच्या खांद्यावर, मागून घोडी मोकळी. रस्त्यात लोक म्हणायचे, भटजींनी घोडी हवा खायला काढली. मी विचारलं, मग नेता तरी कशाला? तुम्ही म्हणालात, "माझ्या दिवशी ती गोठ्यात दिसली तर मामा काय समजतील?" मला ते हास्यास्पद वाटलं. अजूनही वाटतं. फक्त आता हसू येत नाही.

ती बसली ती तुमच्याच दिवशी. भंडारदऱ्याच्या बाजूचं एक स्थळ बघून तुम्ही परत येत होता. खिंडीच्या चढावर ती थांबली, पुढचे पाय दुमडून खाली बसली आणि उठेना. वाटेनं येणाऱ्या कुणीतरी गावात निरोप दिला, आणि मी नि मामा गुळाचं पाणी घेऊन धावलो. भर दुपार. तुम्ही तिच्या डोक्याशी बसून आपलं उपरणं तिच्या डोळ्यांवर धरलं होतं, ऊन लागू नये म्हणून. मामा वाकले. त्यांनी तिचा गुडघा चाचपला, खूर उचलून पाहिला, पाठीवर हात फिरवला. कितीतरी काळानं कुणीतरी दुसऱ्याच्या देखत तिच्याकडे बघत होतं. तुम्ही म्हणालात, "मामा, बघा, जशी नेली..."

"काय बघायचंय, अण्णा," मामा म्हणाले. "घरचीच हाय." एरवी ते तुम्हाला भटजी म्हणायचे.

गुळाचं पाणी तिनं तोंडात घेतलं, पण गिळलं नाही. उन्हं कलायच्या आत ती गेली.

पुढच्या वर्षी मला नगरच्या शाळेत नोकरी लागली आणि तुम्ही आणि आई माझ्याबरोबर आलात. नगरला तुम्ही एकदाही टांग्यात बसला नाहीत. स्टेशनपासून घरापर्यंत हातात वळकटी घेऊन चालायचात. टांगेवाले हसायचे, मी चिडायची, आणि तुम्ही म्हणायचात, "पाय आहेत अजून." शेवटच्या आजारात ग्लानीतसुद्धा एकदा म्हणालात की मामांच्या भाऱ्यांचं काही नाही, माझ्याच फेऱ्यांनी ती गेली. आई म्हणाली, जुनं काय काढता. मी तुमची उशी सारखी केली.

तर त्या दिवशी मामांच्या ओसरीवर चहा आला, आणि मामा आपणहून त्याच विषयावर आले. "अण्णांना एक सांगायचं ऱ्हाऊन गेलं बघ. समद्यांना वाटायचं, मामा घोडीवर ढीगभर गवत लादतो. आगं, पयले दोन भारे तिच्यावर आन एक माज्या डोक्यावर. मागनं तर तिच्यावर येकच, त्योबी नावाला. तिचा गुडघा मला काय दिसत न्हवता व्हय?"

"मग घरी का नाही बांधलीत, मामा?"

"आन अण्णांना काय सांगू? ते तिच्यावर बसत न्हाईत हे मला मागनं कळलं. घोडी थकली म्हनलं की अण्णांच्या फेऱ्या बंद. फेऱ्या बंद की तुजं लगीन आडलं. बामनाची लग्नाची पोर घरात, आन मी कुन्या तोंडानं म्हनू, आता हिला बसवा? त्यांनी येक डाव म्हनलं आसतं ना, मामा, पुरे, तर त्याच दिशी मी दावं सोडलं आसतं तिचं. पन ते म्हननारे न्हवते. लई भिडस्त मानूस."

म्हणजे दोघांनाही दिसत होतं, अण्णा. तुम्ही तिच्या पाठीवरून उतरलात, त्यांनी तिच्या पाठीवरचे भारे उतरवले. ओझं दोघांनी आपापल्या परीनं कमी केलं, वाट मात्र कुणीच कमी केली नाही. सुजलेला गुडघा घेऊन ती सबंध आठवडा डोंगर चढत राहिली, अर्धा आठवडा त्यांना वाईट वाटू नये म्हणून आणि अर्धा आठवडा तुम्हाला. म्हाताऱ्या जनावराकडून किती काम घेणं रास्त, हे तुम्हा दोघांना नेमकं कळत होतं. ते एकमेकांना सांगायला लागणारं भांडण तेवढं तुमच्यापाशी शिल्लक उरलं नव्हतं.

आणि मी? भंडारदऱ्याकडच्या त्या स्थळाला निघताना तुम्ही मला विचारलंत, "जाऊन येऊ ना? मुलगा समजूतदार आहे म्हणतात." लग्न करायचं नाही हे तोवर माझं ठरलं होतं. नगरला अर्जही गेला होता, आईलाही न सांगता. तुम्हाला अडवायला एक 'नको' पुरला असता. पण तुम्ही वहाणा घालून उभे होता, मागे अंगणात ती उजवा पाय अधांतरी धरून उभी होती, आणि तुमचा चेहरा इतका आशेनं भरलेला होता की सगळ्या गावाला फटकारणारी मी म्हणाले, "बघा, तुम्हाला वाटतं तसं." तुम्ही मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिलात, आणि तेव्हाही मी हे सांगितलं नाही.

निघायला उठले तेव्हा मामांनी माझा हात धरून ठेवला. "काय का आसंना, तुजं लगीन झालं न्हवं मागनं?"

मामांना दिसत नाही. माझा मोकळा गळा त्यांना दिसणार नव्हता. "झालं, मामा," मी म्हणाले. "चांगलं झालं."

"मग गंगी वाया न्हाई गेली," मामा म्हणाले, आणि त्यांनी हात सोडला.

मी लिहिलेला कागद एरवी संपादकाकडे जातो. हा जाणार नाही. मामांचा नातू छापून आलेला माझा प्रत्येक लेख त्यांना ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवतो, असं तो मला जीपपर्यंत पोचवताना कौतुकानं सांगत होता. तेवढी भीड मला अजून आहे, अण्णा.